फरीदाने भावाची गाडी नापास केली

मांडवीच्या रस्त्याकडेला एका निळ्या व्हॅनमध्ये फरीदाचं पीयूसी सेंटर आहे. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. लेक लायबा शाळेत जायला लागली तशी फरीदा ट्रेनिंग घेऊन या धंद्यात उतरली. सुरुवातीला रिक्षावाले विचारायचे, "मालक कुठायत?" ती म्हणायची, "मालक तुमच्यासमोरच आहेत. गाडी चालू करा." आता तेच तिला मॅडम म्हणतात. ही बाई धूर तपासल्याशिवाय कागद देत नाही, हे सगळ्यांना माहीत झालंय.

मे महिन्यात तिचा धाकटा भाऊ उमेर कतारहून सुट्टीवर आला. आल्या आल्या त्याने आपली डिझेल गाडी काढली आणि कोल्हापूरला जाऊन इंजिन ट्यून करून घेतलं. लॅपटॉप जोडून गाडीच्या कॉम्प्युटरमधली सेटिंगच बदलायची. डिझेल जास्त जातं, ताकद वाढते.

"आपा, आंबा घाटात ट्रक असे मागे पडत होते," चुटकी वाजवत त्याने सांगितलं. मग म्हणाला, "पीयूसी संपलीय. काढून दे."

तिने तपासणी यंत्राची नळी गाडीच्या सायलेन्सरमध्ये सरकवली. "अ‍ॅक्सिलरेटर दाब."

उमेरने दाबलं. असा काळाकुट्ट लोट उठला की शेजारी सरबत विकणाऱ्या सखूने पातेल्यावर पदर धरला. स्क्रीनवरचा आकडा मर्यादेच्या दुप्पट.

"नापास."

"अगो, मी भाऊ तुझा! दुसऱ्या गाडीला नळी लाव नि फोटो माझ्या नंबरप्लेटचा काढ. सगळीकडे चालतं."

"मग सगळीकडे जा. इथे नाही चालत."

उमेर रुसला. दोन दिवस बोलला नाही. आईही त्याच्याच बाजूची, "एवढासा कागद, दे ना गो त्याला!" फरीदाने दाद दिली नाही, पण घास काही गोड लागेना. व्हॅन घेताना घरात सगळे नको म्हणत होते, तेव्हा हा एकटा तिच्यासाठी भांडला होता.

तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच बॉनेट उघडलं. एअर फिल्टर लाल मातीने पार बुजलेला. उमेरला तो बदलायला सांगून तिने कोल्हापूरच्या ट्यूनिंगवाल्याला फोन लावला.

"दादा, डिझेल वाढवलंत, पण तेवढी हवा मिळत नाही त्याला. नुसता धूर होतोय."

"तुम्ही मेकॅनिक का?"

"पीयूसीवाली."

तो हसला. "तुमच्या भावालाच जास्त ताकद हवी होती. थोडी उतरवली की धूर बसेल. पाठवा गाडी."

उमेर तोंड वाकडं करत गेला आणि दुसऱ्या दिवशी परतला. फरीदाने पुन्हा नळी घातली. एकदा, दोनदा, तीनदा दाबून झालं. सखूने या खेपेला मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. आकडा मर्यादेच्या बराच खाली. प्रिंटरमधून कागद बाहेर आला.

"पास झाली," उमेर पुटपुटला, "पण आता ती मजा नाही."

"उतर. मला बघू दे."

फरीदा स्टेअरिंगवर बसली, सुट्टी म्हणून व्हॅनवर आलेली लायबा मागे, उमेर बाजूला. भगवती किल्ल्याचा चढ लागला. तिने गिअर टाकला आणि गाडी सुसाट वर निघाली. मागून लायबा किंचाळली, "अम्मी, आणखी!"

"काय कमी आहे रे हिच्यात?" फरीदाने विचारलं.

उमेरने वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं. "काही नाही, आपा. पुढे वळण आहे, जरा हळू घे."