बॅग कोणी भरली?

"उघड ती."

विमानतळाच्या बाहेर, फुटपाथवर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या पायांत माझी बॅग पडली होती. चाकांची बॅग. बाबांनी उल्हासनगरच्या बाजारातून आणलेली, आमच्या घरातली पहिली चाकांची बॅग. काकू म्हणाल्या, "उघड ती," आणि मी गुडघ्यांवर बसून उघडली.

वर माझे दोन ड्रेस. खाली टॉवेल. त्याच्या खाली फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. काकूंनी दोन बोटांनी फडकं उचललं. वाकल्या. वास घेतला.

"ई! काय आहे हे?"

"जवळा," मी म्हणाले. "आईने दिलाय. मामासाठी."

"माझ्या अनारशांबरोबर? शी, शी, शी!"

त्या मागे सरकल्या. पर्समधून बाटली काढली आणि त्या दोन बोटांवर पाणी ओतलं. तिथेच, फुटपाथवर. पाण्याचे शिंतोडे माझ्या ड्रेसवर उडाले. मग बाबांकडे न बघता बोलल्या, "हे सगळं घरी घेऊन जा. बॅगसुद्धा. तिने फक्त पर्स घ्यायची."

बाबा हसले. म्हणाले, "बरुबर हाय, मॅडम."

काकूंनी बोटं धुतली त्याची किळस मला नंतर आली. आधी आली ती त्या हसण्याची.

या काकू माझ्या कोणी नव्हत्या. बदलापुरात त्यांचा फराळाचा धंदा होता. चकली, कडबोळी, अनारसे, भाजणी, मेतकूट. बंगल्याच्या आतल्या स्वयंपाकघरात सहा बायका तळायच्या, बाहेरच्या खोलीत टेलिफोन आणि कॉम्प्युटर घेऊन मी बसायचे. मी अंबरनाथची, बी.कॉम. झालेली. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "मला मॅडम नको हं म्हणूस. काकू म्हण. इथे सगळे घरच्यासारखे." आणि त्याच दमात, "फक्त आत नको येऊस. आत सगळं सोवळ्यातलं असतं. माझं काही नाही गं, मी कुठे जातपात मानते! गिऱ्हाइकांना तसं सांगितलेलं असतं ना."

प्रत्येक डब्यावर आणि खोक्यावर लेबल होतं, 'सोवळ्यात केलेले'. लाल अक्षरांत. ते लेबल कॉम्प्युटरवर मीच काढायचे आणि आत पाठवायचे. डबे भरायच्या, खोक्यांत लावायच्या, टेप मारायच्या त्या आतल्या बायका. टेप लागली की खोका बाहेर यायचा आणि मग तो माझा. टेपच्या बाहेरचं सगळं मी उचलायचं. टेपच्या आतलं माझं नव्हतं.

एकदा एक खोका घसरला आणि टेप फाटली. अनारशाचा डबा उघडून बाहेर आला. मी अनारसे पटकन गोळा केले, पुसून परत डब्यात लावले. काकूंनी पाहिलं. एवढं गोड हसल्या! "राहू दे गं. तूच घेऊन जा घरी. सगळ्यांना होईल." मी आनंदाने घेऊन गेले. आम्ही चौघांनी खाल्ले. आई म्हणाली, बाई मनाची मोठी आहे. दुसऱ्या दिवशी आतली एक बाई पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा हळूच म्हणाली, "तुझा हात लागला ना, म्हणून दिला. नाहीतर त्या चुरासुद्धा विकतात."

मी लेबलं काढत राहिले. बाबांची कंपनी तेव्हा बंद पडायला आली होती आणि माझ्या नोकरीवर घर चालायचं. पण ते अनारसे किती छान लागले होते हे आजही मला आठवतं. जिभेला काय कळतं? ती चाटत राहते.

विमानाची तिकिटं एकदम स्वस्त झाली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. दिल्लीत दिवाळीआधी मराठी लोकांचं प्रदर्शन भरणार होतं. काकूंनी स्टॉल घेतला. एक दिवस बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाल्या, "तुला विमानात बसायचंय का?"

मला वाटलं माझी चेष्टा करतायत.

"खरंच. तुझं हिंदी चांगलं आहे. स्टॉलवर बोलायला बरं." हे खरं होतं. कॉलेज उल्हासनगरला, मैत्रिणी सिंधी, हिंदी माझ्या तोंडात बसलेलं. "चव द्यायचे तुकडे मी देईन," त्या म्हणाल्या. "तू फक्त बोल."

तुकड्यांचं मी ऐकलंच नाही. मला विमान ऐकू आलं. आमच्या वस्तीत विमानात बसलेलं कोणी नव्हतं. संध्याकाळी विहारात आईने सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या मावशींनी माझ्या कपाळावर हात फिरवला. कोणी म्हणालं, खिडकीशी बस. कोणी म्हणालं, पोटात गोळा येतो, लिंबू ठेव. दिल्लीत माझा मामा, सरकारी गाडीवर ड्रायव्हर. आईची आणि त्याची कित्येक वर्षांत भेट नव्हती. आईने जवळा भाजला, लसूण घालून चटणी कुटली, डब्यात दाबून भरली. म्हणाली, "त्याला तिकडं कोण देतंय हे?"

विमानतळावर जायला काकूंची गाडी होती, पण गाडीत खोकी होती. म्हणून मी आणि बाबा ट्रेनने, मग बसने गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रंगाच्या कंपनीत आयुष्य गेलेला माणूस, तळहात कायमचे पिवळे. जाताना त्यांनी बॅग रस्त्यावर एकदाही टेकवली नाही. मी म्हटलं, बाबा, चाकं आहेत तिला. म्हणाले, "झिजतील."

आणि फुटपाथवरून ती बॅग त्यांनी परत उचलली. उघडीच होती. चेन अडकत होती, लागेना. छातीशी धरली. काकू म्हणाल्या, "चल, उशीर होतोय." मी ट्रॉली ढकलत आत गेले. मागे पाहिलं नाही, कारण बाबा अजून हसत असतील अशी मला भीती होती.

ट्रॉलीवर काकूंची सूटकेस आणि खोक्यांची थप्पी. माझ्या नाकासमोर ती लाल अक्षरं. रांगेत उभ्या राहिल्यावर काकूंचा मोबाईल वाजला. दिल्लीची कोणी बहीण असावी. मी हातभर अंतरावर होते. माणसासमोर बोलताना आवाज कमी करतात. त्यांनी केला नाही.

"अगं, एक्स्ट्रा बॅगेज घ्यायचं म्हणजे किलोमागे केवढे घेतात! त्यापेक्षा ऑफिसातल्या मुलीचं तिकीट स्वस्त पडलं. तिचे वीस किलो आपल्याला मिळतात ना. शिवाय उचल-ठेव करायला आहेच."

शिवाय.

म्हणजे माझं हिंदी नव्हतं. मीच नव्हते. वीस किलो होते. शेजारच्या मावशींनी ज्या कपाळावरून हात फिरवला ते सामान होतं. सामानाला सामान कशाला लागतं? म्हणून माझी बॅग बाहेर.

मला राग यायला हवा होता. पण आली ती शिसारी. काकूंच्या अंगाला वेलदोड्याचा वास यायचा, कायम, तोही त्या क्षणी नकोसा झाला. गोड, तुपकट. तीन वर्षं तो वास मी चांगुलपणाचा समजत होते.

फोन बंद करून त्या माझ्याकडे वळल्या. पढवायला लागल्या. "हे बघ, काउंटरवर विचारतील, बॅग कोणी भरली. ही चार खोकी तुझ्या नावावर आहेत. सांगायचं, मी भरली. माझ्या हाताने भरली. घाबरायचं नाही. नुसतं विचारायचं म्हणून विचारतात."

"काय सांगायचं?"

"माझ्या हाताने भरली, असं."

मला हसूच आलं. मोठ्याने. काकू दचकल्या. तीन वर्षं ज्या हाताला त्या डब्यांची मनाई, तो हात आता त्यांना हवा होता. उभ्या जगात एकाच ठिकाणी, या काउंटरवर, माझ्या हाताने भरलेला फराळ त्यांना चालणार होता. चालणार कसला, त्याच्याशिवाय भागणारच नव्हतं. आणि तोसुद्धा खोटा.

आमचा नंबर आला. काउंटरच्या मुलीने दोघींची तिकिटं पाहिली. माझ्याच वयाची असेल, डोळ्यांत झोप. खोक्यांकडे बोट करून मला विचारलं, "सामान आपने खुद पैक किया है?"

"हां हां," काकू म्हणाल्या. "दोनों ने अपना-अपना."

"मैं इनसे पूछ रही हूं."

मला नोकरी दिसत होती, बंद पडणारी कंपनी दिसत होती. काकूंचं बोट माझ्या पाठीला टोचलं. तीन वर्षांत त्यांनी मला केलेला तो पहिला स्पर्श.

"नहीं," मी म्हणाले.

"जी?"

"मैंने नहीं भरा. मेरा हाथ लगे तो इनका माल बिकता नहीं. मुझे अंदर आने की भी मनाई है. अंदर क्या है, मैंने कभी भरा नहीं."

काउंटरची मुलगी एकदा माझ्याकडे, एकदा लेबलकडे बघत राहिली. तिला ते वाचता आलं की नाही, मला माहीत नाही. चेहऱ्यावर काही नव्हतं. नियमाचं बोलली, "तो ये इनके नाम पर नहीं जाएगा. मॅडम, आपका सामान है तो आपके नाम पर लीजिए. एक्स्ट्रा बॅगेज का पेमेंट उधर होगा."

काकूंचा चेहरा तापला. त्या मराठीत आल्या, दातांतून. "शेवटी जात काढलीसच ना?"

"मी नाही काढली, मॅडम. तुम्ही लेबलवर छापली."

मॅडम. तेव्हापासून मॅडमच.

"घरच्यासारखं वागवलं तुला! हे फळ? मग तू येऊच नकोस. तिकीट माझं आहे."

मी काउंटरच्या मुलीला विचारलं, "टिकट पर नाम किसका है?"

"आपका," ती म्हणाली. "जाना है?"

"जाना है. मेरा सामान बाहर है. लेके आती हूं."

दारावरच्या शिपायाला तिकीट दाखवलं, समजावलं, त्याने कटकट करत सोडलं. बाबा तिथेच होते, खांबाला टेकून. बॅग अजून छातीशी. त्यांना वाटलं विमान चुकलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. ते पांढरे पडले.

"पोरी, जा, माफी माग. नोकरी जाईल."

"गेली, बाबा."

"असं करू न्हाई. बाई वाईट न्हाई ती."

"तुम्ही तिच्यासमोर हसलात कशाला?"

बाबा म्हणाले, "मग काय करू? रडू?"

मी त्यांच्या हातातून बॅग घेतली. ते सोडत नव्हते, मला ओढावी लागली. मग त्यांनीच वाकून, दाताने कड धरून, अडकलेली चेन लावून दिली. मी बॅग चाकांवरून ओढत आत नेली. झिजू देत म्हटलं.

"इसमें क्या है?" काउंटरची मुलगी.

"कपडे. और सूखा जवला."

"खुद पैक किया?"

"हां. अपने हाथ से."

पट्ट्यावर ठेवली तेव्हा काट्यावर अगदी थोडकं वजन आलं. वीस किलोंतलं बाकी सगळं रिकामं. ते रिकामंही माझंच होतं, मी ते कोणाला दिलं नाही. माझ्या नावाची चिठ्ठी लागली आणि बॅग सरकत आत गेली. पलीकडे मॅडम ज्यादा सामानाचे पैसे भरत होत्या. चारही खोकी त्यांना स्वतः उचलून काट्यावर ठेवावी लागली.

विमानात आमच्या जागा शेजारी होत्या. त्यांनी आपली बदलून घेतली. कोणी विचारलं असतं तर नक्की म्हणाल्या असत्या, माझं काही नाही गं.

मामाने डबा उघडला आणि नुसता वास घेत बसला. स्टॉलवर मी गेले नाही. परत आले तेव्हा नोकरी नव्हती. बदलापूरभर झालं होतं, त्या मुलीला उपकाराची जाण नाही. त्यांचा फराळ त्या दिवाळीतही संपला, पुढच्याही. लाल लेबलाचं काही बिघडलं नाही. बाबा दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. हे सगळं झालं आणि पुन्हा झालं तरी मी तेच करीन.

पुढे बऱ्याच ठिकाणी कामं केली. उल्हासनगरला दुकानात, अंबरनाथला कंपनीत. कुठेही गेले की पगाराच्या आधी मी एक विचारते. इथे मी कशाला हात लावायचा नाही? समोरचा गोंधळतो. कोणी हसतं, कोणी म्हणतं, असं काही नसतं हो आजकाल. मी उत्तराची वाट बघत उभी राहते. नीट उत्तर आलं नाही, गोड उत्तर आलं, की उठते.

ज्या डब्याला माझा हात चालत नाही, त्या डब्याला माझं नाव लागणार नाही.