वेड्या बाभळीच्या फुलोऱ्यात चारठाणा

मंठा मागे पडलं तसा मी मास्क नाकावर नीट दाबून बसवला. फेब्रुवारी संपत आला होता. बसमधले लोक लांबवर पेटलेल्या पळसाकडे बोट दाखवत होते. मी रस्त्याकडेच्या वेड्या बाभळीकडे बघत होते. तिची फुलं सहज नजरेत भरत नाहीत. बोटाएवढे, फिकट पिवळे, सुरवंटासारखे तुरे असतात, आणि ते वाऱ्यावर हलत होते.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी चारठाण्याला आले होते. वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिथल्या एका जुन्या देवळाच्या कोरीव दरवाजाची मापं घेऊन चित्र करायचं होतं. शिंका, डोळ्यांची खाज आणि नाकाची धार यांनी मला दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं. मी त्याला सर्दी समजत होते. पण ताप नव्हता, आणि संभाजीनगरला घरी आल्यावर सगळं आपोआप ओसरलं. डॉक्टरांनी हातावर वेगवेगळ्या परागांचे थेंब ठेवून टोचून पाहिलं. आंब्याच्या मोहोराचा थेंब शांत राहिला. वेड्या बाभळीच्या थेंबाखाली मात्र लाल गांध उठली.

"भडक फुलांचे पराग बहुतेक किडे वाहून नेतात," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला त्रास देणारे वाऱ्यावर उडतात. सुरुवात लवकर करा."

म्हणून या खेपेला नाकातला फवारा निघायच्या दोन आठवडे आधीच सुरू केला होता. रात्री एक गोळी, मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुणं, संध्याकाळी केस धुऊन कपडे बदलणं. छातीत घरघर वाटली तर काम टाकून सरळ दवाखाना गाठायचा, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं. आई म्हणाली, "पावसाळ्यानंतर जा की." पण चित्रं एप्रिलमध्ये द्यायची होती. या वेळी दरवाजा अपुरा राहिला तर प्रकल्पाचे सर तो दुसऱ्या कुणाला देणार होते, आणि मला तो द्यायचा नव्हता.

देवगाव फाट्यावर बस चहासाठी थांबली. दार उघडताच मला लागोपाठ शिंका आल्या. शेजारच्या बाई पिशवी उचलून मागे जाऊन बसल्या.

"ताई, जागा मोकळी करायची युक्ती भारी हाय," कंडक्टर म्हणाला. "धुळीची ॲलर्जी का?"

"बाभळीची."

"बाभळीची?" त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. जिथवर नजर जात होती तिथवर तीच होती. "मंग आमच्या जिल्ह्यात कशाला यायलात तुमी?"

मी नुसती हसले. अनोळखी माणसाला यापेक्षा जास्त सांगणं मला कधी जमलेलं नाही.

चारठाण्यात माझी सोय सुमनमावशींकडे होती. त्या सरांच्या नात्यातल्या. घरी शिलाई करतात, आणि मशीनचा आवाज चालू असतानाही त्यांचं बोलणं थांबत नाही. पहिल्याच रात्री त्यांनी भाकरीबरोबर येसराची आमटी (भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या साठवणीच्या पिठाची) वाढली आणि झोपायला स्वतः शिवलेली वाकळ (जुन्या साड्यांची गोधडी) दिली. जुन्या मऊ सुताची ती वाकळ अंगावर घेताच मला झोप लागली.

सकाळी डोळे सुजलेले होते.

मी नियम आणखी कडक केले. बाहेरच्या भिंतीची मापं सूर्य वर यायच्या आत घ्यायची. वारा सुटला की देवळाच्या आत जायचं. चष्मा, मास्क, डोक्याला घट्ट ओढणी. दुपारपर्यंत बरं वाटायचं. रात्री केस धुवायचे, खिडकी बंद करायची, गोळी घ्यायची. आणि सकाळी पुन्हा डोळे चिकटलेले, नाक बंद. दोऱ्याला वजन बांधलेला ओळंबा दरवाजासमोर धरला की मला एकाच्या जागी दोन दोरे दिसत.

"रोज रात्री केस धुतीस, मंग काय होनार?" मावशी म्हणायच्या. "माय, जरा जिवाला जप." जेवताना माझ्या ताटात तूप जरा जास्तच पडू लागलं. मी ॲलर्जीविषयी काही बोलले नाही. दुसऱ्याच्या घरी राहायचं आणि वर आपल्या तब्येतीची यादी वाचायची, हे मला बरं वाटेना.

आईचा फोन आला की मी "बरी आहे" म्हणायचे. एका सकाळी मात्र बॅग भरायला घेतली. वाकळीची घडी घालताना उशीजवळ काहीतरी बोटाला लागलं. बाभळीचा वाळलेला तुरा. बंद खिडकीच्या खोलीत तो आला कुठून?

मी परसात गेले. मागे बाभळीचंच जिवंत कुंपण होतं, भरगच्च फुललेलं. त्यावर मावशींच्या साड्या पसरल्या होत्या. काट्यांना अडकल्यानं वाऱ्यानं उडत नव्हत्या. मावशी माझ्या उशीचा अभ्रा झटकून तिथंच टाकत होत्या.

"मावशी, वाकळही इथंच टाकता?"

"रोज! चांगली काठीनं बडवून, दिवसभर ऊन देते. ऊबदार लागती का न्हाई?"

आता बोलणं भाग होतं. "त्यानंच मला त्रास होतोय."

मावशींचा चेहरा उतरला. "माझी वाकळ घान हाय म्हनतीस?"

"नाही, नाही. तसं नाही." मी मोबाइल काढला, कुंपणावरचा एक ताजा तुरा त्याच्या काळ्या काचेवर हलकेच आपटला. पिवळी बारीक पूड पडली. "हे नाकात गेलं की माझे डोळे सुजतात. वाकळ खूप छान आहे. पण रात्रभर मी हेच पांघरते."

त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, पाहिलं, आणि मग त्यांना एकदम हसू फुटलं.

"अगं माय! आन् मी समजायले, पोरगी घरच्या आठवनीनं रात्रभर रडायली! म्हनून तर वाकळीला जास्तच ऊन द्यायले. तुज्या सरांना फोन करनार होते, घेऊन जा म्हनून."

"मी रडत नव्हते."

"मंग तोंड हाय का न्हाई तुला? बोलायचं न्हाई का?"

त्या दिवशी वाकळ धुतली गेली आणि आतल्या खोलीत दोरीवर, पंख्याखाली वाळली. मावशींनी माझे कपडेही आत घेतले आणि शेजारणीला भिंतीवरून सांगितलं, "आमच्या पाव्हनीला बाभूळ बाधती." मला लाज वाटली, पण आता ते सगळ्यांना माहीत झालं होतं आणि मला काही लपवायचं उरलं नव्हतं.

एक-दोन रात्रींत फरक पडला. शिंका पूर्ण थांबल्या नाहीत. झाडं होती तिथंच होती. पण एका सकाळी देवळात पाऊल टाकलं आणि वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र वास थेट नाकात गेला. इतक्या दिवसांत मला तो आलाच नव्हता! मी कितीतरी वेळ तिथं उभी राहून तो घाणेरडा वास आनंदानं घेत होते.

मग ओळंबा धरला. दोरा एकच दिसला. सहज म्हणून पहिल्या दिवसांतली मापं ताडून पाहिली, तर डाव्या बाजूच्या नक्षीच्या पट्ट्यात बोटभर फरक. खाली पाहिलं, उंबरठ्यातही. मी सगळा दरवाजा पुन्हा मोजायला घेतला. मुक्काम वाढवावा लागला. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ऱ्हा की. तुज्यासाठी दोरी आतच बांधली हाय."

परतीच्या बसमध्ये मांडीवर चित्रांची गुंडाळी होती. बाहेर तीच झाडं, तेच तुरे. पुढच्या वर्षीही ती याच सुमारास फुलतील आणि मला फवारा आधीच सुरू करावा लागेल. तोंड मिटून निभावणं म्हणजे चिकाटी, असं मी धरून चालले होते. पण गप्प राहून घेतलेली सगळी मापं मला खोडावी लागली. गुंडाळीत आहे तो दरवाजा मी बोलल्यानंतर मोजलेला आहे.