आडवेसाहेबांचा विरोध

अर्थखात्याच्या सचिवांना कचेरीत सगळे आडवेसाहेब म्हणत. अर्थातच त्यांच्या पाठीमागे. मंत्र्यांनी काहीही सुचवलं की हे आडवे गेलेच म्हणून समजा. शिपायापासून सहसचिवापर्यंत सगळ्यांची खात्री होती की हा माणूस जन्मला तेव्हासुद्धा आधी 'नाही' म्हणाला असेल.

खरी मेख फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होती. जी योजना साहेबांना मनापासून हवी असे, तिलाच ते आडवे जात. नको असलेल्या योजनेचं मात्र इतकं तोंड भरून कौतुक करत की मंत्र्यांना वास यायचा आणि ते ती गुंडाळून ठेवायचे. मंत्री कुठल्याही पक्षाचा असो, अधिकाऱ्याला गप्प बसवल्याशिवाय त्याला आपण मंत्री झाल्यासारखं वाटत नाही, हे साहेबांनी फार लवकर हेरलं होतं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे नसतं. त्या पुस्तकांवर साहेबांना नोकरी लागली, पण चालली ती या एका गोष्टीवर.

घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायकांना म्हातारपणी पेन्शन मिळावी, ही त्यांची कित्येक वर्षांची मनीषा. आईनं लोकांची भांडी घासून त्यांना शिकवलं होतं. शाळेच्या समारंभाला ती आली की भेगाळलेले हात पाठीमागे धरून उभी राहायची. ते हात साहेब विसरले नव्हते. म्हणून या खेपेला त्यांनी फार बेतानं पावलं टाकली. कल्पना मंत्र्यांच्या मेहुणीच्या कानावर जाईल अशी व्यवस्था केली. महिन्याभरात मंत्री सांगू लागले की आंघोळ करताना त्यांना एक जबरदस्त कल्पना सुचली आहे.

बैठक भरली. साहेब ठरल्याप्रमाणे विरोधाला उभे राहिले आणि तिथेच घात झाला. माणूस आपल्याच आवाजावर भाळला, दुसरं काय! तिजोरीवरचा भार, पुढच्या पिढीवरचा बोजा, खोट्या लाभार्थींचा सुळसुळाट. एकेक मुद्दा असा काही मांडला की त्यांच्या शेजारच्या उपसचिवबाईंनी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली. मंत्र्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पटलं बुवा," ते म्हणाले. "राहू दे मग. उगाच नसतं लचांड कशाला?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांत एकाही मंत्र्यानं त्यांचं ऐकलं नव्हतं, आणि यानं नेमकं आजच ऐकावं? मंत्री पुढचा विषय घ्या म्हणून खूण करत होते. आता सारवासारव केली तर बिंग फुटणार, गप्प बसावं तर सगळं मुसळ केरात. साहेबांनी डोळे मिटले आणि सुचेल ते वाईटात वाईट बोलून टाकलं.

"बरं झालं साहेब. भांडी घासणाऱ्या बायकांना कसली आलीय पेन्शन? त्यांना सवय असते कष्टांची."

मंत्र्यांनी टेबलावर हात आपटला. "अहो, लाज वाटते का काही? माझी मावशी हेच करत होती! लिहून घ्या, योजना मंजूर!" साहेबांनी मान खाली घातली. आपण हसतोय हे कुणाला दिसू नये, एवढीच त्यांना काळजी होती.

पण बैठकीतलं वाक्य बाहेर फुटलं आणि साहेब घरी पोचायच्या आधी टीव्हीवर पोचलं. साहेब आले तेव्हा आई त्या बंद टीव्हीसमोरच बसली होती.

"तू म्हणालास असं?"

साहेबांच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण आदेशावर सही व्हायला अजून आठवडा होता, आणि आईच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना कळलं की संध्याकाळी मंत्र्यांना कळणार. आणि ही युक्ती सचिवाची होती असं कळलं, तर तो माणूस योजना फाडून टाकायला मागंपुढं पाहणार नाही.

"हो," साहेब म्हणाले. "म्हणालो."

"त्या मंत्र्याला त्याची मावशी आठवली."

बायको काही बोलायला पुढे झाली, तिला साहेबांनी डोळ्यांनीच थोपवलं. फार लागलं त्यांना ते. जेवणं झाली. आईनं आपलं ताट उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"घास."

बाह्या वर करून आडवेसाहेब मोरीत उभे राहिले. आई मागे येऊन थांबली.

"कडा राहिल्यात."

त्यांनी कडा घासल्या. मग तिचा आवाज आला, एकदम मऊ.

"सवय होत नसते रे. कधीच होत नसते."

"हो आई," म्हणाले साहेब, आणि ताट पुन्हा घासायला घेतलं.