वरून टाकायचा ठोसा

मी मूळचा भित्रा माणूस, आणि भित्र्या माणसानं बॉक्सिंगच्या वाटेला जाऊ नये. पण आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावात तालमीत वाढलेल्या पोराला शेवटी एकाच रांगेत जाऊन उभं राहायचं असे, ती म्हणजे फौजेच्या भरतीची. वडील फौजेतून पेन्शनीवर आलेले, चुलते फौजेत, थोरला भाऊ सरहद्दीवर. मी तेवढा घरी, कारण माझी उंची. दोनदा भरतीला उभा राहिलो आणि दोन्ही वेळा मापाची पट्टी आणि माझं डोकं यांच्यामध्ये बोटभर उजेड उरला. एकदा तर टाचा उचलल्या म्हणून पायावर छडीही खाल्ली. गावात लोक म्हणायचे, "मूर्ती लहान पण कीर्ती महान," आणि हसायचे. वडील काहीच म्हणायचे नाहीत. मला त्या न बोलण्याचीच जास्त धास्ती होती.

एकाहत्तरची लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. शेजारच्या आळीतले एक हवालदार पेन्शन घेऊन गावी परतले. पलटणीत ते बॉक्सिंग खेळलेले. नाकाचं हाड बसलेलं, बोलणं अर्धं गावचं आणि अर्धं छावणीचं. त्यांनी एक दिवस मला तालमीच्या दारात थांबवलं आणि सांगितलं की चांगल्या खेळाडूला भरतीत उंचीची सूट मिळते. दिवाळीनंतर सांगलीत सामने होते. तिथं पलटणीचे एक सुभेदार पोरं निवडायला येणार होते, आणि जिंकेल त्याला घेऊन जाणार होते.

"आणि हरंल त्येला?" मी विचारलं.

"हरंल त्येला एस्टी हाय की घरला जायाला," हवालदार म्हणाले.

तेव्हापासून तालमीच्या मागच्या अंगणात आमचा सराव सुरू झाला. हवालदारांनी पलटणीतून आणलेले ग्लोव्हज इतके जुने होते की त्यांतून काथ्या बाहेर यायचा. मी कुस्तीतला गडी. मला पकडायचं, उचलायचं, आपटायचं ठाऊक. इथं पकडायला बंदी. समोरचा माणूस लांबून थपडा घालतोय आणि आपण त्याच्या कमरेला हात घालायचा नाही, हे माझ्या अंगाला पटतच नव्हतं. त्यात माझे हात आखूड. माझा ठोसा पोचायच्या आधी समोरच्याचा माझ्या नाकावर बसलेला असे.

शेवटी हवालदारांनी मला तो ठोसा शिकवला. त्याला ते नुसतं "वरचा" म्हणायचे. समोरच्यानं डावा हात सरळ मारला की आपण डोकं बाहेरच्या अंगाला काढायचं आणि त्याच्या हाताच्या वरून आपला उजवा आणायचा. बांधापलीकडच्या माणसाला बांधावरून दगड मारावा तसा. उंच माणूस खाली बघत असतो, त्यामुळं वरून येणारं त्याला उशिरा दिसतं. बुटक्यासाठीच देवानं केलेला डाव वाटावा असा.

"पन गड्या, ह्यो लय वंगाळ ठोसा हाय," हवालदार म्हणाले. "उजवा वर गेला की बरगडी उघडी, हनुवटी उघडी. समदं वजन फुडच्या पायावर. चुकलास की तोंडघशी पडशील, आन् त्यो तुला उभा फोडून काडंल. लागला तर त्येचा खेळ खलास, न्हाईतर तुजा."

मला झोपेतसुद्धा उघडी बरगडी दिसायला लागली. भाकरी खाताना डावा हात आपोआप गालाशी जायचा. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती: समोरचा पडला की लगेच मागं फिरायचं आणि कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं; पडलेल्याला हात लावला तर आपणच बाद. मी हो म्हणालो. पण सरावात माझ्यासमोर हवालदारच असत आणि ते कधी पडले नाहीत. त्यामुळं मागं फिरण्याचा सराव काही झाला नाही.

आईला हे सगळं आवडत नव्हतं, पण ती तसं बोलून दाखवणारी नव्हती. लढाईच्या दिवसांत पोस्टमन आळीत शिरला की ती हातातलं काम टाकून उभी राहायची, आणि तो दुसऱ्याच्या दारात वळला की खाली बसायची. भाऊ धडधाकट परत आला, रजा काढून पुन्हा गेला, पण तिचं ते उभं राहणं काही गेलं नाही. मी सरावाहून सुजलेलं तोंड घेऊन आलो की हळदीचा लेप लावायची. "लागतंय तर सोड की रं," एवढंच म्हणायची. मी चिडायचो. घरात एकटाच नालायक ठरत होतो मी, आणि हिला माझ्या गालाची पडली होती.

सांगलीला गावातले वीस-पंचवीस जण गुळाच्या ट्रकमधून आले. हलगीवालाही आला. मी हवालदारांबरोबर एस्टीनं आदल्या दिवशीच पोचलो होतो. पहिल्या दिवशीच्या दोन कुस्त्या, म्हणजे लढती, कशाबशा निभावल्या. समोरची पोरं माझ्यासारखीच कच्ची होती. पण शेवटच्या लढतीला समोर आला तो मिरजेकडचा एक लांबलचक पोरगा. त्याचे हात माझ्यापेक्षा वीतभर लांब होते. कृष्णाकाठच्या मैदानात दोरांचा चौक बांधला होता, समोर खुर्च्यांवर सुभेदार साहेब बसले होते. मी त्यांच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि सारखा त्यांच्याकडंच बघत राहिलो.

पहिल्या फेरीत त्याच्या डाव्या हातानं मला जवळ येऊच दिलं नाही. मी घाई केली. डोकं बाहेर काढायच्या आधीच वरचा टाकला, तो हवेत गेला, आणि त्यामागोमाग मीही दोरावर जाऊन आदळलो. वळेपर्यंत त्यानं माझ्या उघड्या बरगडीवर दोन ठोसे घातले. श्वास बंद झाला. मला वाटलं संपलं, आता एस्टी.

कोपऱ्यात हवालदारांनी तोंडावर पाणी मारलं. "वरचा टाकू नगंस आता. त्येनं वळखलाय," ते म्हणाले.

दुसऱ्या फेरीत मी नुसता मार खाल्ला. डावा डोळा मिटत चालला. गावची मंडळी ओरडत होती, "धर की रं त्येला! कंबर धर!" धरता येत नाही हे त्यांना कोण सांगणार? आणि एवढ्या धास्तीतही मला एक कळत होतं, की लांबून खेळून मी हरणारच होतो. वरचा टाकला तर कदाचित हरेन. नाही टाकला तर नक्की.

तिसऱ्या फेरीत त्याचा डावा हात थोडा सुस्त झाला. तो आला, मी डोकं बाहेर काढलं, आणि डोळे जवळजवळ मिटूनच उजवा त्याच्या हातावरून सोडला. लागलेला मला आवाजावरूनच कळला. एवढा उंच पोरगा गुडघ्यात मोडला आणि पाठीवर पडला.

आणि मी काय केलं? पाठीवर पडलेला माणूस बघितल्यावर तालमीत वाढलेला कुणीही जे करील तेच. मी त्याच्या छातीवर झेप घेतली, ग्लोव्हजनी त्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवले आणि पंचाकडं बघितलं, की बघा, चीतपट झालाय. पंचानं मला बनियनला धरून ओढलं. मी तरी सोडेना. शंका नको म्हणून त्याचे खांदे आणखी दाबून धरले.

पंचानं त्या पोराला उठवून बसवलं आणि त्याचा हात वर केला. पण तोवर आमची मंडळी दोर ओलांडून आत आली होती. त्यांनी मला खांद्यावर घेतलं, हलगी सुरू झाली, फेटे उडाले. खालून हवालदार एकेकाची बंडी ओढत ओरडत होते, "उतरवा रं त्येला! हारलाय त्यो!" त्यांचं कुणी ऐकेना. सगळ्यांनी खांदे टेकलेले डोळ्यांनी बघितले होते, मग हरायचा प्रश्नच कुठं येतो? मी मात्र वरून एका डोळ्यानं बघत होतो. सुभेदार साहेब खुर्चीवरून उठले, त्या लांब पोराजवळ गेले, आणि त्याच्याशी बोलत बोलत मैदानाबाहेर निघून गेले. त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. मला खांद्यावर बसून रडता येईना आणि खाली उतरू कुणी देईना.

दिवेलागणीला ट्रक गावात शिरला. सांगलीकरांनी निकाल फिरवला, पण पोरगं आपलंच जिंकलं, असं वाटेतच ठरलं होतं. वेशीपासून घरापर्यंत हलगी. वडील ओट्यावर उभे होते. मला खांद्यावर बघून त्यांनी फेटा सारखा केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसले. माझ्या अंगात खरं सांगायचं बळ उरलं नाही.

आई ताट घेऊन दारात आली. भाकरतुकडा ओवाळून टाकला, कुंकू लावलं, पण तिचं तोंड पांढरं पडलं होतं. हलगीच्या आवाजात तिनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "कवा जायाचं?"

"न्हाई जायाचं," मी म्हणालो. "हारलो मी. त्येनी दुसऱ्याला घेतलं."

"खरं?"

"खरं."

तिचा चेहरा उजळला. लपवायचा प्रयत्नही तिनं केला नाही. ताटातली साखर चिमटीत घेऊन तिनं माझ्या फुटलेल्या ओठांत घातली, पुन्हा घातली, आणि तोंडावरून हात फिरवत राहिली. मला तिचा इतका राग आला की तिथंच थुंकून टाकावंसं वाटलं. पण मागं वडील बघत होते. मी साखर गिळली.