तुरीच्या रानातला वीरगळ

शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी संपली आणि मला वीरगळांची चित्रं काढायचा नाद लागला. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड. जामखेडला बहिणीकडे गेले होते, तेव्हा कळलं की खर्ड्याच्या अलीकडे एका शेतात पडकं देऊळ आहे आणि त्याच्या दारात असा एक दगड आहे.

वही घेऊन बांधावर पोचले, तोच तुरीतून मालकीण बाहेर आली. साठी ओलांडलेली, पदर खोचलेला, हातात विळा.

"कोन पायजे?"

"देऊळ बघायचं होतं, मावशी."

"बघायचं का उकरायचं?"

गुप्तधनाच्या आशेनं कुणीतरी गाभाऱ्यातली फरशी उचकटली होती. तेव्हापासून ती कुणाला आत सोडत नव्हती. मी वही पुढे केली. तिनं एकेक पान सावकाश उलटलं.

"चित्रं झ्याक हायेत. पन पोराला इचारावं लागंल."

मुलगा-सून ऊसतोडीला गेलेली. तिनं मोबाईल लावला. पलीकडून आवाज आला, "आये, रान तुझं हाय. मला काय इचारती?"

तिचा चेहरा खुलला. मला मात्र म्हणाली, "मंग उद्या या. आज मी ठरवते."

दुसऱ्या दिवशी गेले, तर देवळापर्यंतच्या बोरीबाभळी तिनं तोडून ठेवल्या होत्या. अंगण झाडलेलं. आणि वीरगळाला, पाहुणी येणार म्हणून, तेलात कालवलेला शेंदूर असा दाट थापला होता की कोरीवकाम पार बुजून गेलेलं.

"आमचा म्हसोबा," ती कौतुकानं म्हणाली. "कसा दिसतोय?"

काढलेली पेन्सिल मी पुन्हा वहीत ठेवली. तरी म्हटलं, "छान दिसतोय. पण आतलं काही दिसत नाही हो, मावशी."

"त्यात काय? मी सांगते की." तिनं माझ्याशेजारी फतकल मारलं आणि दगडावर बोट ठेवलं. "लगीन होऊन आले तवापासनं दर अवसंला मीच शेंदूर लावते. ही बगा गाय. हिच्या मागं वासरू. हितं ह्याचा हात, हातात तलवार."

तिचं बोट जाईल तसतशी माझी पेन्सिल सरकत होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा चित्र पुरं झालं. मग मी तिला सांगितलं की हा म्हसोबा नाही, गावाची गुरं वाचवताना मेलेला माणूस आहे.

"मानूस हाय?" तिनं पुन्हा दगडभर बोट फिरवलं. "मंग ह्याची बायकू कुटं हाय ह्यात?"

"नाही कोरलेली."

"दगड तिनंच हुबा केला आसंल," ती म्हणाली आणि हाताचा शेंदूर गवताला पुसत उठली. नंतर मला भाकरी आणि ठेचा खाऊ घातला.

पुढच्या खेपेला मी इतिहास शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला सोबत नेलं. मावशीनं माझा हात धरून मला आत घेतलं आणि मैत्रिणीला बांधावरच थांबवलं.

"अहो, ही माझ्याबरोबर आहे," मी म्हटलं.

"परवानगी तुमाला दिली हुती. ह्यास्नी कुटं दिली?" मग तिच्याकडे वळून म्हणाली, "हं, इचारा बरं."

मैत्रिणीनं हात जोडून रीतसर विचारलं. मावशीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "या."