लाल ठिपक्याचा कुत्रा

आमच्या गावात सरोवर गोठतं, रस्ते गोठतात, नळ गोठतात. अर्विड निस्काला मात्र बारा महिने उकळत असतो. रस्त्यावरचा बर्फ हटवायची अवजड गाडी त्याने आयुष्यभर चालवली आणि वाटेत मोटार लावून जाणाऱ्या प्रत्येकावर तो ओरडला. निवृत्त झाल्यावर ओरडायला माणसं कमी पडू लागली, तेव्हा त्याने कुत्रा पाळला. तिथेही निराशाच. वेलदोड्याच्या गोड फिनिश पावावरून पुल्ला नाव मिळालेला तो गुबगुबीत प्राणी ओरडा ऐकून आणखी गाढ झोपायचा.

याच गुणावर पुल्लाला शाळेत काम मिळालं. दर गुरुवारी अर्विड त्याला घेऊन यायचा, पुल्ला वाचनालयात आडवा व्हायचा आणि वाचायला घाबरणारी मुलं त्याला मोठ्याने वाचून दाखवायची. कुत्रा चुका काढत नाही. मी तिथे पुस्तकं लावायला जातो, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

पुल्लाच्या वाट्याला तिसरीतली डार्सी आली होती. तिला पुस्तकांचा तिटकारा. नसता तरच नवल! शाळेच्या प्रत्येक पुस्तकावर रंगीत ठिपका असतो. परीक्षेत जो रंग मिळेल, त्याच रंगाची पुस्तकं न्यायची. डार्सी पिवळी, म्हणजे सगळ्यात सोपी पुस्तकं. तिचा बाप सरोवरात खनिज वाहणाऱ्या जहाजावर कामाला, आणि तिला हवं होतं बुडालेल्या जहाजांचं जाडजूड पुस्तक. त्यावर लाल ठिपका, सगळ्यात अवघड. मुलाच्या हातातून हवं ते पुस्तक काढून घ्यायचं आणि वर 'पोरं वाचत नाहीत हो' म्हणून गळा काढायचा! या अकलेची आरती ओवाळावी की तिला बर्फात पुरावं?

"हा चेंडू," डार्सी वाचत होती. "चेंडू कुठे? चेंडू इथे." मग तिने पुस्तक मिटलं. "अर्विडआजोबा, मी पुढच्या गुरुवारी येणार नाही. मला पुस्तकं आवडतच नाहीत. कधीच आवडणार नाहीत."

पुल्ला घोरत होता. अर्विडचे कान लाल झाले.

"ग्रेनियरबाई!" वाचनालयात असं कुणी ओरडत नाही. "तो चेंडू मसणात गेला तरी माझ्या कुत्र्याला त्याचं सोयरसुतक नाही! पोरीला ते जहाजांचं द्या."

"हळू बोला. ती पिवळी आहे," वाचनालय सांभाळणाऱ्या ग्रेनियरबाई म्हणाल्या. बाई मनाने लोण्यासारख्या, पण नियम म्हटला की त्या लोण्याचाही दगड होतो. "नियम आहे."

"आणि पुल्ला? त्याची घेतलीत परीक्षा?"

"कुत्र्याची?"

"मग त्याला पिवळा कुणी ठरवला?" अर्विडने बाईंच्या टेबलावरच्या गुंडाळीतून एक लाल ठिपका ओरबाडला आणि पुल्लाच्या पट्ट्यावर थापला. "हा लाल! ऐकणारा लाल असताना पिवळं वाचायचं? नियमात बसतं?"

बाई विचारात पडल्या. खरोखर पडल्या! "नियमात कुत्र्यांबद्दल काहीच नाही," त्या शेवटी हताशपणे म्हणाल्या आणि त्यांनी ते पुस्तक पुल्लाच्या नावावर दिलं.

डार्सी अडखळत होती. 'बॉयलर'शी तर तिने कुस्तीच खेळली. पण वादळ आलं, खिडक्या फुटल्या, कप्तानाने शिट्टी वाजवली—

"मग? बुडलं का?" अर्विड डाफरला.

"थांबा ना! वाचतेय ना मी!"

तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली. अर्विडने त्या घंटेला फिनिश भाषेत जे सुनावलं, ते मला कळलं हे बरं झालं नाही.

पुस्तक कुत्र्याच्या नावावर, म्हणजे ते कुत्र्याच्या घरी जाणार. शनिवारी सकाळी मी अर्विडकडे फावडं मागायला गेलो, तर पडवीत पुल्ला पसरलेला आणि त्याच्या पोटाला टेकून डार्सी बसलेली, मांडीवर पुस्तक. आवाज नाही. फक्त ओठ हलत होते.

दारात अर्विड उभा होता.

"कप्तानाचं काय झालं?" तो गरजला. "मनातल्या मनात काय वाचतेस, कार्टे? मोठ्याने वाच! कुत्र्याला ऐकू येत नाहीये!"

डार्सीने मान वर केली नाही. फक्त एक बोट उचललं, थांबा म्हणून, आणि पान उलटलं.