डावखुरीचा घण

पत्रकांमध्ये मी 'घणाघाती' हा शब्द इतका वापरलाय की आता तो दिसला तरी हात आखडतो. घणाघाती भाषण, घणाघाती टीका. प्रश्न ऐरणीवर आणायचे, कार्यकर्ते तावूनसुलाखून घ्यायचे, निर्धार पोलादी ठेवायचा. कंत्राटी कामगारांच्या आमच्या संघटनेत नव्याने आलेल्याला घोषणांच्या आधी हे शब्द येतात. लिहिणाऱ्यांपैकी कोणी कधी घण उचललेला नव्हता. मीही नाही. पण मी तो रोज पाहिला होता, कारण आमच्या घरात घण माय मारायची.

हे मी एकदा सभेत बोलले तर टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, मी अलंकारिक बोलतेय.

तर सरळ सांगते. कामठी रोडच्या कडेला टिनाच्या शेडखाली आमची भट्टी. बाबा लोहार. ते सांडशीत धरलेलं तापलेलं लोखंड ऐरणीवर आडवं घालायचे, लहान हातोडीने घाव कुठे हवा ते दाखवायचे, आणि नेमका तिथेच मायचा घण पडायचा. टक्, धाड. टक्, धाड. बाबांनी हातोडी ऐरणीच्या काठावर टेकवली की थांबायचं. तोंडाने कोणी काही बोलत नसे, श्वास घणालाच पुरत नाही. छन्नीला धार काढणं एकट्याने होतं. वाकलेली सब्बल, म्हणजे पहार, सरळ करायची, गैतीला, म्हणजे टिकावाला, नवं टोक काढायचं, तर दोन माणसं लागतात. आमच्याकडे ती दोन माणसं नवरा-बायको होती, आणि दुकान मात्र नुसतं बाबांचं.

मी अकरावीत असताना वस्तीत सर्वेक्षणाला एक मॅडम आल्या. घरातली बाई काय करते, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, घरीच राहते. माय त्यांच्या मागेच उभी होती, पदर खोचलेला, दोन्ही हात घणाच्या दांड्यावर, कपाळावरून घाम गळतोय. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्या घरी गेल्या. मी भडकले. त्यांच्यामागे धावत जाऊन सांगणार होते. मायने हात धरला आणि हसून म्हणाली, "जाऊ दे वं. तुले पाणी जास्त झालं. तुटशीन."

पाणी देणं म्हणजे लाल लोखंड पाण्यात बुडवून कडक करणं. जास्त पाणी दिलेली छन्नी धारदार दिसते, पण पहिल्याच दगडावर तिचा टवका उडतो. आमच्या घरात हे माणसांनाही लागू होतं. माझं पाणी कायम जास्त. मावशीचं उतरलेलं, कारण ती सासरी उलटून बोलत नसे. बाबा दमले की त्यांचा भाता फाटला. खऱ्या भात्याच्या जागी विजेचा पंखा येऊन जमाना झाला, पण बोलण्यात भाताच राहिला. हे शब्द मी पुढे पत्रकांत नेले आणि तिथे त्यांचे आवाज मोठे झाले. घरात ते बारीक होते, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसे.

मागच्या हिवाळ्यात माय गेली. रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात, आजाराचं नाव आम्हाला नीट कळायच्या आत. आता मी त्याच भागात, हॉस्पिटलांच्या मागच्या गल्लीत एका खोलीत भाड्याने राहते. संघटनेचं काम जवळ पडावं म्हणून घेतली होती. मग काही कामगार कायम झाले आणि त्यांचे फोन लागेनासे झाले. उरलेल्यांना नवा ठेकेदार मिळाला, त्याने संघटनेचं नाव काढायचं नाही अशी तंबी दिली. मला राग येतो आणि तो कुणापुढे काढावा असं माणूस समोर नसतं. न वाटलेल्या पत्रकांचे गठ्ठे खोलीत आहेत. त्यांच्यावर बसून मी जेवते.

बाबांकडे मी रविवारी जायचे. मोठं काम त्यांनी बंद केलं होतं. सिमेंट रोडवरचे मजूर सब्बली घेऊन यायचे, बाबा त्यांना पलीकडच्या पॉवर हॅमरवाल्याकडे धाडायचे. भंगारवाला दोनदा ऐरण बघून गेला. बाबा त्याला हो म्हणाले नव्हते, आणि नाहीही म्हणाले नव्हते. ऐरण गेली की पुढचं ठरलेलं होतं: कुठल्याशा अपार्टमेंटच्या गेटवर खुर्ची, काठी आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला उठून सलाम. हातोडी धरलेल्या त्या हाताने. मला ते सहन होणार नव्हतं.

मी म्हटलं, रविवारी घण मी मारते. त्यांनी माझ्या दंडाकडे पाहिलं आणि विचारलं, तुले जमन का? शिकवा, मी म्हटलं.

अडचण ताकदीची नव्हती. माय डावखुरी होती. लग्न होऊन आली तेव्हा बाबांनी ऐरणीचा बाभळीचा ठोकळा तिच्या हाताच्या हिशेबाने जमिनीत गाडला होता. ती उभी राहायची तिथे माती दबून दोन पावलांची खळगी झालेली होती, शेणाने सारवूनही ती बुजत नसे. मी उजव्या हाताची. त्या खळगीत उभं राहून उजवीकडून घण फिरवला की शेडचा खांब मधे यायचा. मी अंग चोरून फिरवत होते. पहिले काही घाव बरे पडले. मग कोपर खांबाला लागला, तोल गेला, तेवढ्यात बाबांनी हातोडी काठावर टेकवून लोखंड उचललं होतं. माझा घण रिकाम्या ऐरणीवर पडला.

आमच्यात रिकाम्या ऐरणीवर घण मारत नाहीत. तो आवाज पार रस्त्यापर्यंत गेला, चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. बाबा माझ्या पायांकडे बघत होते.

मी म्हटलं, ऐरण फिरवू या. ठोकळा उकरून उलट्या तोंडाने बसवला की खांब मधे येणार नाही.

"तिची जागा हाय ते," बाबा म्हणाले, आणि पंख्याचं बटण बंद केलं.

त्यानंतरचे कितीतरी रविवार मी नुसती बसून राहिले. बाबा छन्न्या, विळे, कुणाची खुरपी असं बारीक काम करायचे. तेव्हा मला ते ऐकू आलं. टक्. मग जागा. टक्. मग जागा. एकट्याने मारायची हातोडी सलग चालायला हवी, त्यांची चालत नव्हती. प्रत्येक ठोक्यानंतर ते घणापुरतं थांबत होते. त्यांना ते कळत होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तेही मला खोलीवर काय खातेस, कोण येतं जातं, हे विचारत नव्हते. संध्याकाळी शेअर ऑटोत बसले की दिवसभरात आपण मोजून चार वाक्यं बोललो, हे लक्षात यायचं. आणि राग यायचा. ज्या माणसाने ती जिवंत असताना 'घरीच राहते' म्हटलं, तो आता तिची माती जपत बसलाय. तेव्हा एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं?

उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी सिमेंट रोडचा मुकादम आला. ओळखीचाच होता. वाकलेल्या सब्बलींचा ढीग त्याने टेम्पोतून उतरवला आणि कुरकुरला की पॉवर हॅमरवाला लोखंड पातळ करून ठेवतो, आठवड्यात परत वाकतं. बाबांनी ढिगाकडे एकदा पाहिलं. मग त्यातलीच एक सब्बल उचलून ठोकळ्याभोवतीची जमीन उकरायला लागले.

मी उठले. त्यांनी हाताने बस म्हणून खुणावलं.

मुकादम बिडी पेटवून म्हणाला, "काय करून राहिले गा काका? खजिना हाय का खाली?"

"भंगारवाल्याले विचार," बाबा म्हणाले.

माती दगडासारखी झालेली होती. शेवटी मुकादमानेही बिडी फेकली आणि हात लावला. ऐरण बाजूला घेतली, ठोकळा हलवून फिरवला, परत ठोकून बसवला. दुपार त्यातच गेली. मुकादम धापा टाकत म्हणाला, इतकी वर्षं चांगली होती तशी, मग फिरवली काहून?

बाबा ऐरणीवरची माती फडक्याने पुसत होते. मान वर न करता बोलले.

"माही बायको मारे घण. डावखुरी होती. हे पोरगी उजव्या हाताची हाय."

मुकादमाने मान हलवली. त्याला त्यात विशेष काही वाटलं नसावं. मी अकरावीपासून या वाक्याची वाट बघत होते. जिच्यासाठी ते हवं होतं, ती ऐकायला नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. मी खांबाला टेकून नुसती उभी राहिले.

मग आम्ही सब्बली सरळ केल्या. माझे काही घाव चुकले, बरेच लागले. बाबांनी हातोडी टेकवली की मी थांबत होते. भंगारवाला नंतर आला तेव्हा बाबांनी त्याला बाहेरूनच परत पाठवलं. आता आमच्याकडे घणाचं काम रविवारी होतं. मुकादम आदल्या दिवशी सब्बली टाकून जातो.

मायची खळगी आता ऐरणीच्या मागे पडली आहे, कोळशाच्या ढिगाजवळ. बाबांनी ती बुजवलेली नाही. तिकडून जायचं झालं तर वळसा घालून जातात. मीही तसंच करते.

परवा, बुधवारी, कामठीला एका कामगाराच्या घरी निघाले होते. तो घरात नसणार हे जवळपास ठाऊक होतं. भट्टीच्या अलीकडे ऑटो अडकला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आणि गाड्यांच्या मधून ऐकू आलं. टक्. मग जागा. टक्. मग जागा.

उतरावंसं वाटलं. पण बुधवारी कशाला आले, हे मी बाबांना काय म्हणून सांगणार होते? ऑटो पुढे निघाला.